सतरंजीवरचा अनवाणी जवान

आमचे बाबा एका सिनेमात आहेत, हे मला मुळाक्षरं येण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. नट म्हणून नव्हे. नाचणगावात वांगी, कोबी आणि सांबार पिकवणाऱ्या माणसाला नट कोण करणार? (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्यामुंबईच्या वाचकांनी इडली मनात आणू नये.) बाबा प्रेक्षकांत होते, पण थेटरातल्या नव्हे, सिनेमातल्या प्रेक्षकांत. हे पाहुण्यांना नेहमी दोनदा समजावून सांगावं लागे, आणि दुसऱ्यांदा सांगून होईपर्यंत पाहुण्यांचा चहा संपलेला असे.

सिनेमा बांगलादेशच्या लढाईच्या वेळचा. तेव्हा मुंबईचे नट आणि नट्या जवानांची करमणूक करायला छावण्यांमधून जात. कोणी गाणं म्हणे, कोणी नकला करी, कोणी ट्रकची फळी पाडून केलेल्या स्टेजवर नाचे. एका निर्मात्याला वाटलं, याचाच पिक्चर काढू. गोष्ट नावापुरती: एक मिशाळ सुभेदार, त्याची पलटण आणि पलटणीला भेटायला आलेली अर्धी मुंबई. एक गाणं संपलं की दुसरा नट, तो गेला की तिसरी नटी, मध्ये एक कव्वाली, शेवटी झेंडा. असे सिनेमे लढाईच्या दिवसांत चालत. घरोघरचं कोणी ना कोणी सीमेवर असायचं आणि लोकांना तेवढंच बरं वाटायचं.

नाचगाणी तर मुंबईत स्टुडिओतच उरकलेली होती. राहिले होते ते समोर बसून हसणारे आणि टाळ्या वाजवणारे जवान. खरे जवान तेव्हा खऱ्या कामात होते. पुलगावात लष्कराचा कॅम्प, जवळ रेल्वे, मोकळं मैदान, म्हणून ती मंडळी पुलगावात उतरली आणि गावाबाहेरच्या मैदानावर सतरंज्या अंथरून मोकळी झाली. सुट्टीवरचे थोडे जवान मिळाले. बाकीच्या रांगा भरायला स्टेशनवरचे हमाल आणि गिरणीतून सुटलेले कामगार आणले. त्याच वाटेनं आमचे बाबा बैलबंडीत भाजी घालून कॅम्पाकडे निघाले होते. भाजी उतरवायच्या आधीच त्यांना कोणीतरी हाताला धरून रांगेत नेलं. बाबा तेव्हा पंचविशीतले, अंगानं सडपातळ. जवान म्हणून खपून गेले.

वर्दी दिली ती दोन माणसांच्या मापाची. बूट दिले ते अडीच माणसांच्या मापाचे. ते घालून बाबा सतरंजीपर्यंत आले आणि थबकले. अंथरलेल्या सतरंजीवर पायताणासकट पाय ठेवायचा, हे काही त्यांना जमेना. घरात कोणी तसं केलं असतं तर आजीनं पाठीत धपाटा घातला असता. त्यांनी बूट काढले, कडेला जोडीनं ठेवले आणि पहिल्या रांगेच्या टोकाला मांडी घालून बसले. बाकी सगळे बुटासकट. कोणी त्यांना टोकलं नाही.

मग भोंग्यातून हुकूम सुटला, हसा. समोर कोणी नव्हतं, ना नट, ना नटी. "आता विदूषक पडला," असं भोंगेवाला सांगे आणि ह्यांनी हसायचं. "आता बाई गिरकी घेऊन राह्यली," असं म्हटलं की ह्यांनी टाळ्या वाजवायच्या. "रिकाम्या जागेकडं पाहून हासणं लय कठीण असते, बाई," असं बाबा मला सांगत. मी लहान होते, पण शाळेत पाहुणे आले की आम्हालाही तेच करावं लागे, त्यामुळे मला ते लगेच पटे.

गंमत अशी, की तो सिनेमा आमच्या घरात कोणीच पाहिला नव्हता. पुलगावात तंबूच्या टॉकीजमध्ये लागला तेव्हा तुरी काढणीला आल्या होत्या आणि बाबांना वावर सोडता येईना. त्यांनी आईला पाठवलं. मी तिच्या कडेवर. आई सांगायची, की सुभेदाराचा पहिला विनोद झाला, लोक हसले आणि त्या गलक्यानं मी जे भोकाड पसरलं ते तिला तंबूबाहेर आणल्याशिवाय थांबले नाही. आत जवान हसत होते आणि आई बाहेर मला फुटाणे दाखवत होती. अशा रीतीनं बाबांच्या सिनेमाची एकुलती एक साक्षीदार बाद झाली. सिनेमा तीन-चार दिवसांत गेला, तो गेलाच.

आई तेवढ्यावरून बाबांना जन्मभर छळत राहिली. बाहेरून येऊन ते चप्पल काढायला वाकले, की म्हणे, "काढा, काढा. फोटो काढून राह्यले कोणी." गावातले लोकही त्यांना अधूनमधून विचारत, काय हीरो, पुढचा पिक्चर कधी? बाबा रागावत नसत. "लागन कधीतरी, मंग पाहजा," एवढंच म्हणत. पण त्यांना ते लागे. मला दिसायचं. माणूस सगळ्या गोष्टी खऱ्या सांगतो आणि एकीवरच कोणी विश्वास ठेवत नाही, तर ती एक त्याला बाकीच्या सगळ्यांपेक्षा मोठी होऊन बसते.

आई गेली. मी वर्ध्यात मास्तरीण म्हणून नोकरी केली, वेळेआधीच निवृत्त झाले. बाबा नाचणगावातच भावाजवळ राहतात. ऐंशीला टेकले, तरी सकाळी वाफ्यांतून एक फेरी मारल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नाही. आणि गेल्या थंडीत माझ्या लेकीनं पुण्याहून मोबाइलवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "आई, आजोबांचा पिक्चर हाच का गं?"

मी मटार सोलत बसले होते. ताट बाजूला सारलं आणि मोबाइल तांब्याला टेकवून सिनेमा लावला. काळा-पांढरा, मधूनमधून पाऊस पडल्यासारख्या रेघा. सुभेदार आला, त्याच्या मिशीचं एक टोक सुटत होतं. एक नट बायकी आवाजात नकला करून गेला. मग एक नटी बर्फाच्या पडद्यापुढे, बिनबाह्यांच्या झग्यात, सीमेवरच्या थंडीचं गाणं म्हणाली. मला हसू येत होतं, पण मी सिनेमा पुढे ढकलला नाही, कारण त्या नाचणाऱ्या बाईच्या डोळ्यांत खरोखरची कळकळ होती. खोट्या बर्फापुढे उभं राहून ती कोणाला तरी खरंच धीर देत होती.

आणि मग कॅमेरा फिरला. रांगा दिसल्या. हसणारी तोंडं, बरीचशी नुसती दात दाखवणारी. पहिल्या रांगेच्या टोकाशी एक पोरगा होता. वर्दीचे हात कोपरापर्यंत सरकवलेले, मांडी घातलेली आणि पाय अनवाणी. तो मात्र मनापासून हसत होता, मान मागे टाकून, वरची हिरडी उघडी करून. माझी लेक अगदी अशीच हसते. मी सिनेमा थांबवला, पुन्हा लावला, पुन्हा थांबवला. मला खूप आनंद झाला. कोणाला तरी सांगावं म्हणून मी चौकटीतून समोरच्या बिऱ्हाडाकडे पाहिलं, तर त्यांच्या दाराला कुलूप.

दुसऱ्या दिवशी नाचणगाव गाठलं. बाबांनी चष्मा पुसला, मोबाइल नाकाजवळ धरला. रांगा आल्या, गेल्या. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावलं. असं बऱ्याचदा झालं. शेवटी म्हणाले, "लय बारीक होतो मी." मग थोड्या वेळानं, "तुही आई असती तं..." आणि तिथंच थांबले. संध्याकाळपर्यंत भावानं आळीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. जे हीरो म्हणून चिडवायचे त्यांच्यातले दोघं-तिघं म्हातारे काठी टेकत आले, डोळे बारीक करून पाहिलं आणि कबूल झाले. बाबा दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसून होते. वाफ्यात गेले नाहीत.

मी तेवढा तुकडा कापून घेतला आणि आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटावर टाकला. "सिनेमातले आमचे बाबा, पहिल्या रांगेत, अनवाणी." लोकांनी फुलं आणि नमस्कार पाठवले. कोणीतरी तो पुढे पाठवला, त्यानं आणखी पुढे. आमच्या जिल्ह्यात बातमी एसटीपेक्षा लवकर पोचते. काही दिवसांनी दुपारी मला अनोळखी नंबरावरून फोन आला. एक तरुण बाई बोलली, "मॅडम, आम्ही आंजीहून. माझ्या सासूबाईंना बोलायचंय तुमच्याशी." मग दुसरा आवाज आला, म्हातारा, सावकाश.

"बाई, तुमी ते फोनवर टाकलं ना. सतरंजीवर बसला तो."

"हो, ते माझे बाबा."

"नाई वो बाई. तो माहा भाऊ होय."

भांडणाचा सूर नव्हता. नळावर कोणी चुकून आपली बादली उचलली तर सांगावं, तसं सांगितलं. तिचा भाऊ पलटणीत होता. त्याच लढाईत गेला. त्याचं घरात एकच चित्र, भरतीच्या वेळचं. "हासता फोटो नाई आमच्याजवळ. हाच एक. तुमी त्याच्यावर बाबा म्हणून लिवलं, ते तेवढं काढून टाकजा. लोक पाहून राह्यले," ती म्हणाली. मी म्हटलं, विचारून सांगते. फोन ठेवला. मला तिचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. इतक्या वर्षांनी बाबांना बाबा सापडले होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यावर मालकी सांगणारं कोणी निघालं.

माझं मत होतं, की ती ओळ पुसून टाकावी आणि विषय संपवावा. बाबांना फोनवर सांगितलं, तर पलीकडे नुसता खोकल्याचा आवाज. मग म्हणाले, "माहं तोंड मले ओळखू येत नाई का?"

"तसं नाही हो बाबा. ती बिचारी..."

"जलमभर सांगत आलो, कोणी मानलं नाई. आता दिसलो, तं म्हणते दुसरा आहे. तू पुसून टाकशील, पण तिले खरं कोण सांगन? चाल आंजीले."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते वर्ध्याला उतरले. इस्त्रीचा सदरा, स्वच्छ धोतर, हातात भाजीची पिशवी. कोणाकडे भांडायला जायचं असलं तरी आमच्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. आम्ही आर्वीकडच्या बसमध्ये बसलो. खिडकीबाहेर हरभरा फुलला होता, पण बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते कोर्टात उभं राहायचं असल्यासारखे मुद्दे जुळवत होते, तेही मोठ्यानं. पुढच्या बाकावरची बाई मान वळवून वळवून ऐकत होती.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. तोंडावरून वाद होतो. माणसं एकमेकांसारखी दिसतात. पण पायांवरून वाद होत नाही. "बूट काढून बसलेला जवान तुले कुठंच भेटणार नाई. जवान बूट काढते का? भाजीवालाच काढन," ते म्हणाले. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते मैदान. सिनेमात ते सीमेवरचं म्हणून दाखवलं असलं तरी पुलगावचं होतं, बाबा आजही तिथं नेऊन दाखवू शकले असते. तिचा भाऊ तेव्हा सीमेवर. तो तिथं येणार कुठून? मी ऐकत होते आणि मनातल्या मनात पूर्ण मार्क देत होते. चूक कुठेच नव्हती.

आंजीला उतरून घर सापडायला वेळ लागला नाही. सून रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. ओसरीत आमच्यासाठी धुतलेली सतरंजी घातली होती. बाबांनी चपला पायरीखाली काढल्या आणि भिंतीला टेकून बसले. म्हातारी आतून आली. सत्तरी ओलांडलेली, किरकोळ बांध्याची, मोतीबिंदू काढल्यावर देतात तो जाड चष्मा. "या भाऊ, लय दूरून आले," म्हणाली. बाबांनी पिशवी पुढे केली. तिनं फुलकोबीचा गड्डा उचलून चहूकडून पाहिला आणि म्हणाली, "किती पांढरा. औषध मारलं नाई वाटते." बाबांना ते आवडलं. कोणी भाजीची पारख केली की ते अर्धे विरघळतात.

भिंतीवर तो भरतीचा फोटो होता. ताठ मान, डोळे मोठे केलेले, ओठ घट्ट मिटलेले. वीस-बावीसचं पोरगं, पण फोटो काढणाऱ्याला घाबरलेलं. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. मीही पाहिला. माझ्या मते सिनेमातल्या तोंडाशी त्याचा काही संबंध नव्हता. कान तेवढे सारखे म्हणता आले असते. पण त्या वयाची, कष्टात वाढलेली पोरं तेव्हा सगळीच थोडीफार एकमेकांसारखी दिसत असावीत.

चहा आला. तिनं विचारलं, "तुमीबी पलटणीत होते का?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "तेच सांगाले आलो, बाई," ते म्हणाले आणि मला मोबाइल काढायला सांगितला. मी तो तुकडा लावला आणि नेमक्या जागी थांबवला. बाबांनी तिच्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. "तोंड राहू द्या. याच्या पायाकडं पाहा. सगळ्यायनं बूट घातले. यानं काढले."

"तेच तं," ती म्हणाली.

बाबा पुढचं वाक्य बोलायला तयारच होते, पण ते तसंच राहिलं. तिनं मोबाइल त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि मांडीवर ठेवला.

"भाऊ गेल्याचा कागद आला, मंग त्याची ट्रंक आली," ती सांगू लागली. "त्याले पाहाले नाई भेटलं आमाले. आईचं एकच चालू. पोरगं तिकडं कसं राह्यलं असन, पोटाले भेटलं असन का नाई, रडलं असन का. खात नोती, झोपत नोती. मंग वर्ध्याले हा सिनेमा लागला. जवानायचा सिनेमा आहे म्हणून मामानं आमाले नेलं. मी तवा लग्नाची होतो. अंधारात बसलो. मले तं काई समजलं नाई, तोंडं भुर्रकन गेली. पण आईनं माह्या मांडीले असा चिमटा काढला. म्हणे, पाह्यलं का? बूट काढून बसला."

सून दारात उभी होती. तिनं ही गोष्ट पुष्कळदा ऐकली असणार, तरी ती हलली नाही.

"आमच्या घरी एकच सतरंजी होती," म्हातारी म्हणाली. "तिच्यावर कोणी पायताण घेऊन चढलं, का आई त्याले उभा करे. लहानपणापासून त्याले तेच वळण. आई म्हणे, एवढ्या पलटणीत सगळे बूट घालून, अन् आपलाच एक अनवाणी. तिकडं जाऊनबी सोडलं नाई पोरानं. अन् हासून राह्यला. सिनेमा होता तोवर ती रोज गेली. पायीसुद्धा गेली. ते पाहून आल्यावर तिनं भाकर खाल्ली. मंग ती रडली नाई तशी. मरेपर्यंत म्हणे, माहं लेकरू शेवटी हासत होतं, मी डोयानं पाह्यलं."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "आता त्याले पाह्यलेलं माणूस मीच एक उरलो. मलेबी आता त्याचं तोंड आठवत नाई, भाऊ. खोटं कायले बोलू. हे फोनवर आलं, तवा मीनं पायच पाह्यले."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी सतरंजीवर सोडलेले दोन्ही पाय हळूच ओढले आणि धोतराखाली घेतले.

मला बोलायचं होतं. मला सांगायचं होतं, की मावशी, ते मैदान पुलगावचं आहे, ही हिरडी माझ्या लेकीची आहे, आणि हा माणूस तुमच्यापुढे बसला आहे, याला इतकी वर्षं कोणी खरं मानलं नाही. मी तोंड उघडलंही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस पोरांच्या वर्गाला मी एका नजरेनं गप्प करायची. ती नजर कोणाकडून आली ते मला त्या दिवशी कळलं. मी गप्प बसले. मला त्यांचा राग आला होता, आणि इतकं प्रेमही त्यांच्याविषयी मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

"घरचं वळण असते ते," बाबा म्हणाले. "जात नाई."

"नाई जात," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मग तिला आठवलं, की पाहुणा काही सांगायला आला होता. "अन् भाऊ, तुमी कुठं बसले होते याच्यात? या बाई म्हणे, बाबा आहे."

बाबांनी मोबाइल घेतला. चष्मा सारखा केला. पडद्यावर रांगाच रांगा थांबलेल्या होत्या. त्यांचं बोट पहिल्या रांगेवरून मागे सरकत गेलं आणि पार शेवटी, जिथं नुसत्या टोप्या आणि राखाडी ठिपके होते, तिथं एका ठिपक्यावर थांबलं.

"हा. मागचा, टोपीवाला. पोरीनं चुकून पुढचा समजला."

म्हातारीनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि त्या ठिपक्याकडे नीट पाहिलं. तिथं डोळे नव्हते, नाक नव्हतं. तरी ती म्हणाली, "छान दिसता, भाऊ. उंचपुरे."

"तवा बरा होतो दिसाले," बाबा म्हणाले.

सुनेनं चहाची भांडी उचलली. मी उठायच्या बेतात होते, पण म्हातारी बाबांकडे पाहत राहिली होती. तिच्या मनात काहीतरी हळूहळू वर येत होतं.

"म्हणजे तुमी त्याले हासताना पाह्यलं," ती म्हणाली. "सिनेमात नाई. खरोखरचं."

"पाह्यलं," बाबा म्हणाले.

"कायले हासत होता, भाऊ?"

हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. ना आईनं, ना भावानं, ना मी. सिनेमावाल्यांनी हसा म्हटलं म्हणून ते हसले, असंच आम्ही धरून चाललो होतो. बाबांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तिथं कॅमेऱ्याच्या मागं एका भाजीवाल्याची बंडी उभी होती," ते म्हणाले. "अन् सिनेमावाल्यायचा साहेब होता, डोक्यावर गवताची मोठी टोपी. तो वाकून कॅमेऱ्यात पाहे अन् ओरडे, हासा, हासा. भाजीवाल्याच्या बैलानं मान लांब केली, हळूच त्याची टोपी उचलली अन् चावत बसला. साहेबाले पत्ताच नाई. तो आपला ओरडूनच राह्यला. बाकीच्यायचं ध्यान भोंग्याकडं होतं, ते वरवर हासत होते. बैल दिसला फक्त याले. मंग काय, याले आवरेच ना."

म्हातारी हसायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, तोंडाला पदर लावून. सून भांडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. सासूला असं हसताना तिनं फारसं पाहिलं नसावं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत म्हातारी हसली. मग तिनं डोळे पुसले आणि एकदम काळजीनं विचारलं, "अन् तो भाजीवाला? त्याले मारलं-गिरलं तं नाई ना कोणी?"

"नाई," बाबा म्हणाले. "त्याचं काय होते. भाजी उतरवली अन् घरी गेला."